सीआरपी नॉर्मल आला म्हणून खोकल्याचा शोध थांबवू नका

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांवर आलेला लेख वाचला. लेख सोपा आहे, आमच्या ओळखीच्या दोन-तीन घरांत तो कापून फ्रिजवर लावलेलाही मी पाहिला. म्हणूनच त्यातल्या एका वाक्याबद्दल लिहिणं भाग आहे. ‘सीआरपी नॉर्मल असेल तर शरीरात कुठेही दाह नाही असे समजावे,’ असं ते वाक्य. सीआरपी म्हणजे दाह, म्हणजे आतली सूज, झाली की रक्तात वाढणारं एक प्रथिन. माझी सगळी नोकरी इथे इंदूरलाच पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली, आणि माझ्या भाचीच्या मुलीला सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसात घट्ट कफ साचवणारा जन्मजात आजार आहे. हे वाक्य तसंच राहिलं तर सतत खोकणाऱ्या एखाद्या मुलाचा शोध तिथेच थांबेल, अशी मला खरोखर भीती वाटते.

आमच्या नातीचं जवळजवळ असंच झालं. जन्मापासून खोकला, खाणं बरं असूनही वजन वाढेना, शी तेलकट आणि दुर्गंधीची. एका डॉक्टरांकडे ईएसआर, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी खाली बसण्याचा वेग, वाढलेला निघाला, एक्स-रेमध्ये डाग दिसला आणि टीबीची औषधं सुरू झाली. आपल्याकडे टीबी इतका आहे, की पहिला संशय त्याचाच घेतला याबद्दल माझी तक्रार नाही. थुंकीत किंवा पोटातून काढलेल्या द्रवात टीबीचे जंतू कधीच सापडले नाहीत, तरी औषधं चालू राहिली, ही माझी तक्रार आहे. पुढे दुसरीकडे सीआरपी केला. तो हद्दीच्या आत आला आणि भाचीला सांगण्यात आलं, ‘सीआरपी नॉर्मल है, बच्ची में कुछ नहीं है, खाना खिलाइए.’ एका आकड्यावर टीबी ठरला आणि दुसऱ्या आकड्यावर मुलगी निरोगी ठरली. तिचा खोकला मात्र दोन्ही वेळी तोच होता.

ईएसआरबद्दल आधी सांगते, कारण ती तपासणी मी आयुष्यभर हातांनी केली. वेस्टरग्रेनची नळी असते, लांब आणि अगदी अरुंद, २०० मिलिमीटरपर्यंत खुणा असलेली. चार भाग रक्त, एक भाग सायट्रेट. नळी स्टँडमध्ये सरळ उभी करायची आणि तासाभराने लाल थर किती खाली बसला ते वाचायचं. नळी जराशी तिरकी राहिली तरी आकडा फुगतो. मे महिन्यात खिडकीजवळच्या टेबलावर स्टँड ठेवला तर गरमीनेही फुगतो, म्हणून उन्हाळ्यात आम्ही तो आतल्या भिंतीला सरकवत असू. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ॲनिमिया असला की ईएसआर वाढलेला दिसतो, आणि आपल्या मुलींमध्ये ॲनिमिया किती आहे ते मी वेगळं सांगायला नको. रक्तातलं फायब्रिनोजेन वाढलं की लाल पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली बसतात, इतकंच ती नळी दाखवते. त्यामागे टीबी आहे, सांधेदुखी आहे की आणखी काही, हे तिला कळत नाही. ईएसआरवरून रोगाचं नाव ठरवणं म्हणजे त्या तपासणीकडून तिच्या कुवतीबाहेरचं मागणं आहे.

सीआरपी ही अधिक चांगली तपासणी आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं. माझ्या सुरुवातीच्या काळात आम्ही ते काळ्या स्लाइडवर बघत असू. सिरमचा थेंब, त्यात लॅटेक्सचा थेंब, काडीने मिसळायचं आणि स्लाइड दोन मिनिटं हळूहळू डोलवायची. दह्यासारख्या बारीक गुठळ्या दिसल्या तर पॉझिटिव्ह, दूध तसंच राहिलं तर निगेटिव्ह. आता मशीन नेमका आकडा देतं. जंतुसंसर्ग झाला की काही तासांत सीआरपी चढू लागतो, साधारण दोन दिवसांत शिखर गाठतो, आणि कारण दूर झालं की झपाट्याने उतरतो, कारण रक्तात त्याचं अर्धं आयुष्य सुमारे १९ तासांचंच आहे. ताप आलेल्या बाळाला अँटिबायोटिक लागू पडतं आहे की नाही हे कळायला याचा फार उपयोग होतो.

पण सीआरपी फुप्फुसात बनत नाही, तो यकृतात बनतो. बनवायचा निरोप यकृताला मिळतो तो मुख्यतः इंटरल्यूकिन-६ या रसायनाकडून, आणि ते रसायन रक्तातून पुरेसं पोहोचलं तर. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये नेमकी इथेच गोची आहे. या आजारात सीएफटीआर नावाचं जनुक जन्मतःच बिघडलेलं असतं. सातव्या गुणसूत्रावरचं हे जनुक १९८९ साली सापडलं. त्याच्यावरून बनणारं प्रथिन पेशींमधून क्लोराइड आणि बायकार्बोनेटची ये-जा सांभाळतं. ते नीट चाललं नाही की श्वासनलिकांतला ओलावा कमी होतो, कफ घट्ट होतो, आणि बाहेर ढकलले जायला हवेत ते जंतू तिथेच ठाण मांडतात. त्यांना मारायला न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात, येतच राहतात आणि तिथेच मरतात. मरताना त्यांच्यातून इलास्टेज सुटतं, ते नळीच्या भिंतीतले लवचीक धागे कापतं. मेलेल्या पेशींचा डीएनए कफात मिसळतो आणि कफ आणखी चिवट होतो. अशी वर्षं गेली की नळ्या कायमच्या रुंद आणि ढिल्या पडतात. त्याला ब्राँकिएक्टेसिस म्हणतात आणि ते मागे फिरत नाही.

हे सगळं घडतं नळीच्या पोकळीत. रक्तात सांडतं ते थोडंसंच. आमच्या रामबागेतल्या जुन्या वाड्यांत मागच्या खोलीत काही धुमसत असलं तरी पुढच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाला धूर दिसेलच असं नाही, तसं हे आहे. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी जन्मानंतरच्या तपासणीत सापडलेल्या बाळांच्या फुप्फुसात दुर्बिणीने सलाइन सोडून, ते परत ओढून तपासलं. तीन महिन्यांच्या वयात ज्यांच्या त्या पाण्यात मोकळं इलास्टेज होतं, त्यांना तीन वर्षांचं होईपर्यंत ब्राँकिएक्टेसिस जडण्याचा धोका जास्त निघाला. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. वरून ठणठणीत दिसणारी बाळंही त्यात होती. अशा बाळाच्या बोटातून रक्त काढून सीआरपी केला आणि तो नॉर्मल आला, तर आईला काय सांगणार?

म्हणून रक्ताची तपासणी टाकाऊ, असं मात्र कुणी समजू नये. आजार उसळतो, म्हणजे खोकला वाढतो, बेडका घट्ट आणि हिरवा होतो, भूक मरते, तेव्हा पुष्कळ रोग्यांत सीआरपी वाढतो, आणि शिरेतून अँटिबायोटिक दिल्यावर उतरतो. सीरम अमायलॉइड ए आणि न्यूट्रोफिलमधून येणारं कॅलप्रोटेक्टिन हीसुद्धा तशीच वागतात, आणि कॅलप्रोटेक्टिनवर बरंच संशोधन झालं आहे. रक्तातलं आयजीजी, म्हणजे जंतूंविरुद्ध बनणारी एक प्रकारची प्रतिपिंडं, सतत चढं राहणं हे फुप्फुस अधिक बिघडल्याचं लक्षण मानतात. पण यांपैकी एकाही तपासणीला असा उंबरठा मिळालेला नाही, की अमुक आकड्याच्या वर आजार उसळला आणि खाली सगळं ठीक. काहींचा आजार उसळतो आणि सीआरपी जागचा हलत नाही. आणि उसळी वेळेवर ओळखणं किती गरजेचं आहे, तर अमेरिकेतल्या रोग्यांच्या नोंदींवरून २०१० साली असं दिसलं, की शिरेतून औषधं देऊनही सुमारे चौघांतल्या एकाची फुंकण्याची ताकद पहिल्या पातळीवर परतलीच नाही.

मग उपयोग कसा करायचा? मला कळलेली सगळ्यांत कामाची गोष्ट माझ्या भाचीने केली आहे. तिने एक साधी चौकटींची वही ठेवली आहे. तारीख, वजन, स्पायरोमेट्रीचा (नळीत फुंकून मोजलेल्या ताकदीचा) आकडा, थुंकीच्या कल्चरचा (थुंकीतून कोणते जंतू उगवले त्याचा) निकाल, सीआरपी, आणि शेवटचा रकाना ‘कशी आहे’. या शेवटच्या रकान्यात रात्री खोकून उठली का, डबा संपवला का, शाळेचा जिना चढताना मधे थांबली का, असं ती लिहिते. मुलगी अगदी बरी असतानाही अधूनमधून सीआरपी करून ठेवला आहे, त्यामुळे तिचा स्वतःचा नेहमीचा आकडा २ च्या आसपास आहे हे ठाऊक झालं. मागच्या पावसाळ्यात तो ५ आला. लॅबची हद्द ६ ची, त्यामुळे रिपोर्टवर ना ठळक अक्षर, ना बाण. एकटा ५ काही सांगत नाही. सीआरपी सर्दीपडशानेही एवढा हलतो, हे मी टेक्निशियन म्हणून सांगते. पण वहीत शेजारीच वजन घटलेलं होतं आणि शेवटच्या रकान्यात ‘सकाळी बेडका जास्त, रंग पिवळट’ असं होतं. डॉक्टरांनी वही नीट वाचली, थुंकी कल्चरला पाठवली आणि त्यात स्यूडोमोनास हा जंतू उगवला. लगेच टोब्रामायसिन या अँटिबायोटिकची नेब्युलायझरने वाफ सुरू झाली, आणि पुढच्या कल्चरमध्ये तो जंतू नव्हता. हा जंतू एकदा मुरला की काढणं जवळपास अशक्य होतं, म्हणून सुरुवातीला सापडणं फार मोलाचं. लॅबच्या कागदावर मात्र ती मुलगी त्या दिवशीही नॉर्मलच होती.

म्हणजे तुलना करायची ती त्याच मुलाच्या बऱ्या दिवसांशी. सगळ्या माणसांसाठी छापलेली हद्द त्याच्या कामाची नाही. यासाठी लॅबवाल्यांनीही थोडं करायला हवं, आणि हे मी माझ्याच व्यवसायातल्या लोकांना सांगते आहे. आपल्या शहरात काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. १.२ आणि १२ हे दोन्ही एकच असू शकतात. एका महिन्यात पलासियाला तपासणी केली, पुढच्या महिन्यात सुदामानगरला, आणि आईने फक्त आकडा लिहून घेतला, तर तिला वाटेल आजार दहापट वाढला, किंवा दहापट उतरला. एकक ठळक छापा, आणि रोग्याचा मागचा आकडा शेजारी छापा. कॉम्प्युटरमध्ये तो असतोच. शक्यतो त्याच लॅबमध्ये जा, असं आईवडिलांनाही सांगते. आणि कृपा करून धास्तीपोटी दर आठवड्याला सुई टोचू नका. मूल डॉक्टरांकडे तपासायला जातं तेव्हा, आणि तब्येत फिरल्यासारखी वाटली तेव्हा, एवढं पुरे.

आणखी एक गोष्ट नातेवाइकांसाठी. आकडा वाढला की घरात सूज उतरवणाऱ्या उपायांची यादी सुरू होते. काढे, हळद, कुणाच्या तरी ओळखीतल्या गोळ्या. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये दाह हे मोठं दुखणं आहे हे डॉक्टरांनाही ठाऊक आहे आणि त्यांनी तो दाबून पाहिला आहे. एक दिवसाआड स्टेरॉइड दिल्यावर मुलांची उंची खुंटली. मोठ्या मात्रेतल्या आयब्यूप्रोफेनने लहान मुलांत फुप्फुसाची घसरण मंदावल्याचं १९९५ साली दिसलं, पण त्यासाठी रक्तातली औषधाची पातळी मोजत राहावी लागते, घरच्या घरी देण्याचं ते काम नाही. एका नव्या सूजविरोधी औषधाची चाचणी तर मधेच बंद करावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत आजार उसळण्याचं प्रमाण वाढलं. पांढऱ्या पेशी नुकसान करतात तशा जंतूंनाही रोखून धरतात. तेव्हा सीआरपी खाली आणणं हे आपलं काम नव्हे. कफ बाहेर काढणं, जंतू ओळखून त्यांच्यावर औषध देणं आणि वजन वाढवणं हे काम. आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ खारट पाण्याची वाफ आणि त्यानंतर छातीचा व्यायाम होतो. सीआरपी नॉर्मल आला म्हणून त्याला सुट्टी मिळत नाही, दिवाळीतही नाही.

आता ज्यांच्या मुलांचं निदानच झालेलं नाही त्यांच्यासाठी. हा आजार रक्तातल्या दाहाच्या तपासण्यांनी ओळखता येत नाही. तो ओळखतात घामातल्या क्लोराइडवरून, आणि मग जनुकाची तपासणी करतात. आमच्या ताईच्या, म्हणजे मुलीच्या आजीच्या, लक्षात आलं होतं की नातीचा पापा घेतला की ओठ खारट होतात आणि उन्हातून आली की कपाळावर पांढरी पूड दिसते. हे तिने ज्या डॉक्टरांना सांगितलं त्यांनी ते मनावर घेतलं आणि आम्ही अवंतिका एक्सप्रेसने मुंबई गाठली. तपासणीत काही भयंकर नाही. कोपराखाली हातावर पिलोकार्पिन या घाम आणणाऱ्या औषधाची चकती लावून सौम्य करंट देतात, मग त्या जागी प्लॅस्टिकची गोल गुंडाळलेली बारीक नळी बांधतात. घाम आला की त्यात निळी रेघ पुढे पुढे सरकते. मी तिच्या शेजारी बसून ती रेघ बघत होते आणि ती मला विचारत होती, ‘मावशीआजी, हे शाई आहे का?’ क्लोराइड ६० किंवा त्याहून जास्त आलं की हा आजार धरतात, आणि तपासणी पुन्हा करून पक्कं करतात. तिचं दोन्ही वेळा बरंच वर आलं. नंतर पचनाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल जेवणाबरोबर सुरू झाल्या आणि काही महिन्यांत तिचे गाल भरले. इतके दिवस आम्ही तिला खाऊ घालत होतो ते अंगीच लागत नव्हतं.

हा गोऱ्या लोकांचा आजार आहे, आपल्याकडे नसतो, असं अजूनही काही ठिकाणी ऐकू येतं. भारतात तो १९६८ सालापासून नोंदलेला आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात त्याचं नाव आहे, आणि मुंबईचं केईएम आणि दिल्लीचं एम्स ही त्या धोरणातली केंद्रं आहेत. आमच्या गल्लीतल्या कुणालाही हे ठाऊक नव्हतं, आम्हालाही नव्हतं. आपल्या पुरवणीने हे एकदा छापलं तर इंदूर, देवास, धार, उज्जैनच्या किती आयांचा हेलपाटा वाचेल. भावंडांची तपासणी करायलाही सांगा. दोन्ही पालकांकडे बिघडलेलं जनुक असेल तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता असते.

माझी आपल्याला विनंती एवढीच, की त्या वाक्याची दुरुस्ती पुढच्या अंकात यावी. सीआरपी नॉर्मल असला तरी श्वासनलिकांतला दाह नाकारता येत नाही, आणि बरा न होणारा खोकला, न वाढणारं वजन आणि तेलकट शी एकत्र असतील तर घामाची तपासणी करून घ्यावी, असं स्पष्ट छापावं.

हे लवकर छापावं, कारण उन्हाळा तोंडावर आला आहे. या मुलांच्या घामातून मीठ वाहून जातं. आपल्या माळव्याच्या उन्हात, निदान न झालेलं तान्हं बाळ अचानक मलूल पडतं, दूध सोडतं, आणि दवाखान्यात नेलं तर रक्तात सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड तिन्ही उतरलेले निघतात. त्या वेळीही सीआरपी नॉर्मल असू शकतो. असं बाळ सलाइनने सावरलं की त्याला तसंच घरी पाठवू नये, घामाची तपासणी सांगूनच पाठवावं, ही आमच्या शहरातल्या बालरोगतज्ज्ञांना हात जोडून विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
रामबाग, इंदूर
(मुलीची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव छापू नये.)